टोपलीखालचं कडं

चौथ्या विहिरीजवळच्या झोपड्या
रविवार, ९ ऑक्टोबर १८५३

बाबा,

आणि वर तुम्ही माझ्या बहिणीला, डोर्कसला, लिहायला लावून मलाच विचारता की माझा राग अजून गेला की नाही! नाही गेला. एक वर्ष आणि तीन आठवडे झाले, मी मोजलेत. माश्यांची ती टोपली माझी होती. जुलैत काटेरी कुंपणावर लोंबणारं ते मोहोळ मी अंगातला सदरा काढून झेललं होतं. पाठीत माश्यांचे एकोणीस काटे रुतले, ते तुम्हीच सुरीच्या पात्यानं खरवडून काढलेत आणि हसलात. "एनॉक गारबटचं पहिलं घर झालं," असं म्हणालात की नाही? मग सप्टेंबरात मी माळावर जळण कापायला गेलो असताना ते घर गंधकावर ठेवायला तुम्हाला सांगितलं कोणी?

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. तुम्ही बोलणारच नाही, नुसता हात पुढे कराल. त्याच हातानं दर वर्षी तुम्ही माळावरून आणलेल्या टोपल्या एकेक उचलून बघता. सगळ्यांत जड त्या मधासाठी मारायच्या. सगळ्यांत हलक्या त्या हिवाळा काढणार नाहीत म्हणून मारायच्या. मधल्या तेवढ्या ठेवायच्या. खड्डा, गंधकाची जळती चिंधी, वर टोपली, कडेनं माती. आजोबांनी तेच केलं, त्यांच्या वडिलांनीही तेच. पण मी म्हटलं होतं ना, खाली एक कडं लावू, साखर मी माझ्या मजुरीतून आणतो? त्यावर तुम्ही काय म्हणालात ते मला झोपेतसुद्धा ऐकू येतं. "हलकं ते हलकं, एनॉक. फेब्रुवारीपर्यंत झुरत ठेवण्यापेक्षा हे बरं."

माश्यांना विचारलं होतंत?

आई होती तेव्हा निदान वाद घालायला कोणीतरी होतं. ती गेली त्या सकाळी दाराची किल्ली घेऊन बागेत जायला तुमचे पाय उचलेनात. प्रत्येक टोपलीवर किल्लीनं तीनदा ठोकून, रिवाजाप्रमाणे, माश्यांना मीच सांगितलं की घरधनीण गेली. तेव्हा त्या टोपल्यांशी बोलण्याचा हक्क मला होता, आणि एक टोपली वाचवण्याचा नव्हता?

इथे त्या शब्दावरूनही माझी चेष्टा झाली. आपल्या टोपलीखालच्या कड्याला आपण ईक म्हणतो, हे मी जेवताना सहज बोलून गेलो. हॅगर्टी आमच्या बोगद्यावरचा मुकादम, आयर्लंडचा. तो म्हणाला, "म्हणजे काय रे माशीवाल्या?" मी म्हटलं, गवताच्या वेणीचं कडं. टोपलीच्या बुडाशी बांधलं की आत ताटलीपुरती जागा होते, ताटलीत साखरेचं पाणी ठेवायचं, की हलकी टोपलीसुद्धा वसंत बघते. तर माझ्या खालच्या फळीवर झोपणारा चिमणी म्हणतो, "आमच्या गावी ईक करणं म्हणजे एक सुका मासा तिघांनी खायचा आणि चौथ्याला काटा हुंगायला द्यायचा." सगळे खदखदले. रविवारी बायबल वाचून दाखवायला एक बुवा येतात, मला हा कागद तेच देतात. त्यांनी खुलासा केला की पुस्तकात त्याचा अर्थ ओढूनताणून दिवस काढणं, कसंबसं पोट जाळणं असा आहे. मी म्हटलं, नाही बुवा, आधी खाली काहीतरी घालावं लागतं, ओढणं मग. चिमणी म्हणाला, "पोराचं बरोबर आहे. पुस्तक लिहिणारा पोटभर जेवून लिहायला बसला असेल."

या चिमणीबद्दल डोर्कसनं विचारलंय. साठीचा आहे, ओल्या सदऱ्याएवढं वजन, म्हणून चिमणी. खरं नाव कोणाला माहीत नाही, इथे खऱ्या नावानं कोणी राहतच नाही. मी आलो तेव्हा पहिला आठवडाभर माझ्या हातात पगार नव्हता. त्यानं त्याच्या ताटातलं अर्धं मांस सात दिवस माझ्याकडे सरकवलं आणि वर म्हणायचा, "घे रे, माझे दात संपावर आहेत."

डोर्कस लिहिते की यंदा तुम्ही अजून खड्डा खणलेला नाही. खणाल. गेल्या नाताळात मी लिहिलं होतं ते वाक्य मागे घेत नाही. आणखी एक जरी टोपली गंधकावर ठेवलीत, तर हा मुलगा मेला समजा.

सोबत दोन शिलिंग आहेत, डोर्कसच्या नावानं. तुमच्या नाही.

एनॉक


चौथी विहीर
गुरुवार, २७ ऑक्टोबर

बाबा,

मी जिवंत आहे. डोर्कस, हे एवढं आधी मोठ्यानं वाच, मग खाली बस आणि बाकीचं वाच. 

बोगद्याचं छत बसलं. सोमवारी दुपारच्या जेवणाआधी. अगदी पुढच्या टोकाला आम्ही तिघंच होतो, हॅगर्टी, चिमणी आणि मी. बाकीचे माती भरून, ती जिच्यातून वर ओढतात त्या विहिरीकडे गेले होते. आधी मोठा आवाज होईल असं वाटतं ना? तसं काही नाही. आधी लाकडी टेकू कण्हले, चिमणीनं वर बघितलं, म्हणाला, "आलं वाटतं," आणि आलं. ओली माती कशी येते ते तुम्हाला सांगू का? गाय शेण टाकते तशी. बद्दकन. आणि मग काहीच नाही. मेणबत्ती विझली. मी माझा हात डोळ्यांपुढे धरला आणि हात नव्हताच.

चिमणीच्या मांडीवर तुळई पडली होती. आम्ही ती उचलली. हॅगर्टीनं चाचपून बघितलं आणि म्हणाला, "हाड बाहेर आहे."

एक आगकाडी ओढली, भिजलेली होती. दुसरी पेटली. तेवढ्या उजेडात कळलं की दोन्हीकडून बंद आहोत. नंतर आगकाड्या संपल्या. भिंतीतून पाणी गळत होतं, म्हणून तहानेचा प्रश्न नव्हता. हॅगर्टीकडे अर्धी बाटली थंड चहा. माझ्या फडक्यात अख्खा पाव आणि चीजचा एक तुकडा, कारण मी अजून जेवलो नव्हतो. त्या दोघांचं जेवण पलीकडे, मातीखाली. हॅगर्टी म्हणाला, "तू तो हलक्या टोपल्या टिकवणारा ना, माशीवाल्या? पाव तुझ्याजवळच राहू दे. वाटायचं काम तुझं."

पाच दिवस होतो आम्ही आत. पाच वेळा झोपलो, पाच वेळा उठलो. वर आलो तर लोक म्हणतात आज बुधवार. मी म्हटलं कुठला बुधवार? सोमवारनंतरचाच, म्हणाले. मी त्यांच्याशी भांडलो. दुसऱ्या मुकादमाच्या बायकोला शिवी दिली. सांगतात, अंधारात माणूस तासभर झोपला तरी त्याला रात्र वाटते. मला हे पटलेलं नाही. मी पाच मोजलेत. पाचाच्या हिशेबानं सगळं केलंय.

पाव सगळ्यांनी वाटून खाल्ला. हे लिहून ठेवा.

चिमणीला वर काढलं तेव्हा श्वास चालू होता, पण तो काही टिकायचा नाही. गावातल्या इस्पितळात नेलंय. पाय काळा पडलाय. आज-उद्याचं काम आहे असं सगळेच म्हणतात. म्हातारा चांगला होता.

पैसे नाहीत. काम बंद म्हणजे पगार बंद.

एनॉक


चौथी विहीर
रविवार, १३ नोव्हेंबर

बाबा,

चिमणी जगला.

हे मी बुवांच्या तोंडून ऐकलं तेव्हा हातातला चहाचा डबा खाली पडला. मी त्यांना म्हटलं, पुन्हा सांगा. म्हणाले, "गुडघ्याच्या वर पाय कापला, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. रस्सा पितो, नर्सबाईंना गाणी म्हणून दाखवतो, आणि गाणी अशी की मला उठून बाहेर यावं लागलं." झोपडीत सगळ्यांनी टोप्या उडवल्या. मी त्यांच्याबरोबर टोपी उडवली. मग टोपी न उचलताच मागे निघून गेलो.

हॅगर्टीला बातमी माझ्यासमोरच कळली. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.  संध्याकाळी त्याची फळी रिकामी. दहा दिवसांचा पगार घ्यायचा सोडून गेला. एवढा धिप्पाड माणूस, ज्याला बारा माणसांनी कधी उलट उत्तर दिलं नाही, तो एका पायाच्या म्हाताऱ्याला घाबरून पळाला. इथले लोक म्हणतात, मातीची भीती बसली. मी पण तसंच म्हणतो.

चिमणी माझी चौकशी करतो. "माशीवाला कुठे आहे, का येत नाही?" असं प्रत्येकाला विचारतो. इस्पितळ चार मैलांवर आहे. मी सांगितलं, बरगडी दुखते. दुखते हे खरं आहे. पण त्याच बरगडीनं मी परवा गावात बूट दुरुस्तीला गेलो होतो आणि इस्पितळाच्या गल्लीला वळसा घालून आलो.

तुम्ही म्हणाल, माणूस जगला तर तू असा का झालास. काही झालेलं नाही. झोप येत नाही, एवढंच. पाव सगळ्यांनी वाटून खाल्ला असं मी लिहिलं होतं ना, ते तसं नाही. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी नाही.

पुढचं आज लिहवत नाही.

एक विचारू? माझी टोपली खड्ड्यावर ठेवलीत तेव्हा आतून आवाज आला का? किती वेळ येत होता? मी तुम्हाला हे कधी विचारलंच नाही. ओरडलो, टोपली लाथाडली आणि निघून आलो. तुम्ही तिथेच बसून होतात का सगळं थांबेपर्यंत, की आत निघून गेलात?

एनॉक


चौथी विहीर
रविवार, ४ डिसेंबर

बाबा,

डोर्कस, आपल्या लहानग्या एलीला आणि एसाला बाहेर पाठव. त्यांना सांग कोंबड्या बघा. मग वाच. काही गाळू नकोस.

पहिली झोप झाली तेव्हा मी पावाचे तुकडे केले. तिघांना दिले. चिमणीला सगळ्यांत मोठा, कारण तो कण्हत होता. दुसऱ्या झोपेनंतर पुन्हा तिघांना. तोवर सगळं नीट होतं, बाबा. देवाशप्पथ नीट होतं. मग चिमणीचं अंग तापलं, तो त्याच्या मेलेल्या बायकोशी बोलायला लागला. त्याच्याखाली पाणी साचत होतं म्हणून हॅगर्टी म्हणाला, याला जरा वर सरकवू. हॅगर्टीनं पायाकडून धरलं, मी दोन्ही काखांत हात घालून उचललं.

आणि बाबा, मी त्याला तोलून बघितलं.

कोणी सांगितलं नव्हतं. हातांनी आपणहून केलं. तुम्ही टोपली उचलून क्षणभर थांबता ना, मान थोडी वाकडी करून, तसा मी अंधारात थांबलो. तो हलका होता. मी हॅगर्टीला म्हटलं, "हा नाही निघणार." हॅगर्टी म्हणाला, "मग?" मी म्हटलं, "उरलेला दोघांना तीन दिवस जाईल. तिघांना दोन पण नाही." हॅगर्टीनं माझ्या मांडीवरचा पाव चाचपून बघितला. मग म्हणाला, "वाटायचं काम तुझं आहे."

ते खरंच माझं होतं.

तिसऱ्या झोपेनंतर चिमणी शुद्धीवर आला. आवाज अगदी साफ. म्हणाला, "माशीवाल्या, आहे का रे काही?" मी म्हटलं, संपला. तो म्हणाला, "सगळा?" मी म्हटलं, सगळा. मग तो हसला. मला ते हसणं अजून ऐकू येतं. म्हणाला, "माझ्याखाली एक कडं लाव की रे. वसंत बघेन म्हणतो."

पाव माझ्या सदऱ्याच्या आत होता. पोटाला चिकटून.

त्यानंतर दोनदा आम्ही खाल्लं, हॅगर्टी आणि मी. चावायचो नाही, तोंडात ओला करून गिळायचो, म्हणजे आवाज होऊ नये. चिमणी आमच्यापासून एका हातावर पडलेला. आणि मला वाईट वाटत नव्हतं, हे सगळ्यांत वाईट. मला वाटत होतं की मी शहाण्यासारखं वागतोय. मला तुमचा आवाज येत होता, हलकं ते हलकं, झुरत ठेवण्यापेक्षा हे बरं. वर्षभर तुम्हाला शिव्या घातल्या आणि वेळ आली तेव्हा तुमचेच शब्द तोंडात आले. निदान तुम्ही उजेडात केलंत, सगळ्यांच्या देखत.

त्यांनी आम्हाला काढलं तेव्हा माझ्या सदऱ्यात पावाचा तुकडा उरला होता. मुठीएवढा. वर कोणी पाहिला नाही. मी तो विहिरीत टाकला.

काल शेवटी इस्पितळात गेलो. चार मैलांत तीनदा मागे वळलो. दारातल्या बाईंनी विचारलं, कोणाला भेटायचं? मी म्हटलं, चिमणी. त्या म्हणाल्या, "इथे पक्षी ठेवत नाहीत." वहीत बघितल्यावर कळलं, त्याचं नाव बार्नबस ट्रेगिअर. वर्षाहून जास्त ज्याच्या डोक्यावर झोपलो त्याचं नाव मला एका वहीतून कळलं.

तो उशीला टेकून बसला होता. दाढी केलेली. चादर एका बाजूला सपाट. मला बघून ओरडला, "अरे ये, ये! आला माझा माश्यांचा सरदार. बस, पायाशी बस, जागा भरपूर आहे."

मी उभाच राहिलो. मी म्हटलं, "चिमणीकाका, पाव संपला नव्हता."

तो म्हणाला, "बाहेर थंडी किती आहे रे?"

मी म्हटलं, "ऐकलंत का? संपला नव्हता. माझ्याजवळ होता."

"ऐकलं," तो म्हणाला. "बहिरा नाही, लंगडा आहे." मग शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे वळला. "तुला सांगत होतो ना, त्या बोगद्यात उंदीर फार मोठे आहेत? अंधारात दोन होते. हळूच खात होते बिचारे, मला त्रास होऊ नये म्हणून. त्यातला एक आयरिश होता."

शेजारचा हसला. त्याला काय कळणार. चिमणी हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बसलो, जमिनीवरच, आणि मला रडूसुद्धा येईना. तो हळू आवाजात म्हणाला, "मला राग आला होता. खोटं कशाला बोलू. तिथे पडल्या पडल्या तुला ठार मारायचे बेत केले, त्यावरच तगलो. पण हा पाय कापताना दाताखाली चामडं दिलं, तेव्हा मी ओरडलो कोणाच्या नावानं, माहीत आहे? बायकोच्या नाही. तुझ्या. आता याचा अर्थ काय ते त्या बुवांना विचार." मग म्हणाला, "फडक्यात काय आणलंस?"

मी पाव नेला होता. त्यानं तोडला, अर्धा मला दिला. मी घेईना. तो म्हणाला, "खा. आवाज करत खा."

मी खाल्ला, बाबा. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, शेवटच्या घासापर्यंत.

ते मोहोळ जगलं असतं का, हे आता कधीच कळणार नाही. मागच्या वर्षी मला खात्री होती. आता मला एवढंच कळतं की हाताला लागतं तेवढंच खरं नसतं. माझ्या हाताला तो मेलेला लागला होता.

तुम्ही काहीतरी लिहा. शिव्या लिहा.

एनॉक


चौथी विहीर
रविवार, १८ डिसेंबर

बाबा,

तुमचं उत्तर आलं नाही. डोर्कसचं आलं, तुमच्या नकळत लिहिलेलं. बुवांसमोर उघडलं आणि अर्ध्यावर वाचता येईना, पुढचं त्यांनी वाचून दाखवलं. तिच्यावर चिडू नका. ती लिहिती ना तर मी इथे बसून तुमच्या शिव्यांची वाट बघत राहिलो असतो.

ती लिहिते, सप्टेंबरात तुम्ही सातही टोपल्या उचलून बघितल्यात आणि सातही परत जागेवर ठेवल्यात. खड्डा नाही, गंधक नाही. तिनं विचारलं तर म्हणालात, "एनॉकनं लिहिलंय." हलक्या तिन्हींना कडी लावलीत. स्वतः गवत वळून. साखर आणलीत उधार. बाजारात न्यायला मध नाही, म्हणून भाडं पिठाच्या पैशांतून गेलं. पीठ फेब्रुवारीपर्यंत पुरायचं नाही, हे तुम्ही नोव्हेंबरात, मार्टिनमसच्या सणालाच मोजलंत. आणि तेव्हापासून तुमचा वाडगा एली आणि एसाकडे सरकतोय. आधी संध्याकाळचा. आता सकाळचाही. डोर्कस भांडली तेव्हा तिचा हात धरून स्वतःच्या दंडाला लावलात आणि म्हणालात, "बघ उचलून. हलकं ते हलकं."

बाबा, हे मी वाचलं आणि मला बोगद्यातल्यासारखं झालं. समोर हात धरला तर हात दिसेना.

मी ते एक वाक्य लिहिलं तेव्हा माझ्या अंगात नवं मखमली जाकीट होतं, तांबडं, पितळी बटणांचं, सात शिलिंगांचं. दोन मग बिअर पोटात होती. रागात लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि विसरलो. तुम्ही ते वाक्य खरं केलंत. मला वाटलं होतं तुम्ही माझं कधीच ऐकत नाही. का ऐकलंत? आणि ऐकायचं तर एवढं?

आता ऐका. हे मी शुद्धीत लिहितोय आणि माझ्या हातानं लिहितोय.

तुम्ही म्हणाल माझं वय झालं, पोरांना पुरू दे. मी तुम्हाला सांगतो, मी एका म्हाताऱ्याला तोललं, मेला असं ठरवलं, आणि तो माणूस काल कुबडीवर झोपड्यांपर्यंत चार मैल आला आणि येता येता दोन कुत्र्यांना दगड मारले. तोलणारा हात माझा होता आणि तो चुकला. तुमचाही चुकतो. तुमचा स्वतःवर टेकलेला असेल तर जास्तच चुकतो.

सातांपैकी दोन टोपल्या जड आहेत असं डोर्कस लिहिते. त्या दोन मारा. मी सांगतो. मध शनिवारच्या बाजारात जाऊ दे. मला ते आवडत नाही, तिथे उभं राहायची माझी हिंमतही नाही, पण मारा. मारताना डोर्कसला आत पाठवा आणि तुम्ही बसा तिथे, आवाज थांबेपर्यंत. तुम्ही नेहमी बसत होतात, हे तिनं मला लिहिलंय. माझ्या टोपलीजवळ तर अंधार पडेपर्यंत बसला होतात, तेही लिहिलंय. मला ते माहीत नव्हतं.

हलक्या तिघी राहू देत. खालची कडी राहू देत. आणि डोर्कस, तू बाबांच्या समोर बसायचंस. ते खाईपर्यंत उठायचं नाही, आणि एलीला, एसाला त्यांच्या वाडग्याकडे बघू द्यायचं नाही. ते हसतील, विनोद करतील, पोट भरलं म्हणतील. विश्वास ठेवू नकोस. त्यांना चावताना ऐक. दाराची किल्ली खिळ्यावरच राहू दे. तिला हातसुद्धा लावू नकोस. माश्यांना सांगण्यासारखी बातमी आपल्या घरात यंदा नाही.

मी गुरुवारी निघतो. चालत. अकरा दिवस लागतील, रस्त्यात बर्फ असला तर बारा. गाडीचं भाडं काढलं होतं ते मी यातच घातलंय, कारण टपाल माझ्यापेक्षा लवकर पोचतं आणि पीठ माझ्यापेक्षा लवकर पोचायला हवं. मी पोचेन तेव्हा मला तुम्ही दारात उभे हवे आहात. उभे राहता आलं नाही तर बसलेले चालतील. दार उघडून पहिलं काय बोलायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

जाकीट विकलं, पाच शिलिंग आले. बाकी दोन आठवड्यांचा पगार, झोपडीचं भाडं वजा जाता. चिमणीला मी तुमची सगळी हकीकत सांगितली.  त्यानं कमरेची पुरचुंडी सोडली, माझ्या हातावर नाणी ठेवली आणि म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला सांग, मी पण हलका होतो. आणि सांग, उंदरांपासून जपून राहा." मी म्हटलं, काका, नको, तुम्हाला लाकडी पाय घ्यायचाय. तर म्हणतो, "लाकूड थांबेल. लाकडाला भूक लागत नाही."

या वेळी पैसे डोर्कसच्या नावानं नाहीत. तुमच्या नावानं आहेत, मॅथायस गारबट असं मी पोस्टातल्या माणसाकडून दोनदा लिहून घेतलं. सही तुम्हाला करावी लागेल, फुली चालेल, पण तुम्हालाच पोस्टापर्यंत जावं लागेल, आणि पोस्ट टेकडीपलीकडे आहे. तेवढं चालायला अंगात बळ लागतं. तेव्हा आज रात्री जेवा, उद्या सकाळी जेवा, आणि मग जा.

तुमचा मुलगा,
एनॉक

माझे एक पाउंड नऊ शिलिंग, चिमणीचे चार पेन्स. मिळून एक पाउंड, नऊ शिलिंग, चार पेन्स.